काहीच न करणारं बटण

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, कारण नाव घेतलं की तिथले प्राणी रागावतात, अच्युतराव नावाचे एक सुतारपक्षी राहत होते.

बाळांनो, जरा पुढे सरकून बसा. ज्यांची साठी उलटली आहे त्या बाळांनी पहिल्या रांगेत यावं आणि कानाचं यंत्र लावून घ्यावं. ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे. फक्त मध्येच "म्हणजे नेमकं कुठे क्लिक करायचं?" असं विचारायचं नाही. गोष्ट संपल्यावर विचारा, मी तेव्हा इथे नसेन.

तर हे अच्युतराव पूर्वी जंगलाच्या तारखात्यात होते. टकटक करायची सवय चोचीत मुरलेली. निवृत्त झाल्यावर काही जण बागकाम करतात, काही जण गुडघे दाखवायला जातात. अच्युतरावांनी लिनक्सचा ध्यास घेतला.

लिनक्स म्हणजे काय, तर कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो ती आतली व्यवस्था. जंगलातल्या इतर सगळ्या कॉम्प्युटरांवर ही व्यवस्था नदीपलीकडच्या एका कंपनीची होती आणि ती कंपनीच्या मर्जीनं चाले. लिनक्स कुणा एकाचं नव्हतं. देशोदेशीच्या प्राण्यांनी मिळून ते लिहिलं होतं. कुणीही घ्यावं, आत काय आहे ते वाचावं, आवडलं नाही तर बदलावं.

इतकी चांगली गोष्ट आपल्याला सापडली आहे आणि शेजाऱ्यांना तिचा पत्ता नाही, हे अच्युतरावांना सहन होत नसे. आठ वर्षं ते झाडोझाडी फिरून सांगत होते. ते येताना दिसले की अस्वल झोपेचं सोंग घेई आणि ससे बिळात शिरत. आठ वर्षांत एक घुबड तेवढं त्यांच्या बाजूला आलं होतं, आणि तेही पंधरा दिवसांनी परत गेलं. आपलं बोलणं कुणी ऐकत नाही याचं अच्युतरावांना फार वाईट वाटे. मग ते आणखी बोलत.

आणि एका चैत्रात त्यांना अण्णा साळिंदरांचा निरोप आला.

अण्णा साळिंदर म्हणजे त्या जंगलातली फार मोठी असामी. दिसायला तसे काही नव्हते. चष्मा, पाठीवर काटे, पोटात गॅस. पण डोहाचं वेळापत्रक अण्णा करत. उन्हाळा लागला की जंगलातले सगळे ओढे आटत आणि एकच डोह उरे. त्यावर बेचाळीस प्रकारचे प्राणी पाणी प्यायला येत. त्यांतले काही जण उरलेल्यांना खाणारे. म्हणून नियम असा होता, की ज्याची त्याची वेळ ठरलेली, आणि दुसऱ्याच्या वेळेला डोहाकडे फिरकायचं नाही. वाघसुद्धा हा नियम पाळी. पाणी कमी होत जाई तशा वेळा दर आठवड्याला बदलत, आणि अण्णा कॉम्प्युटरवर नवा तक्ता करून डोहाकाठच्या अर्जुनाच्या खोडावर लावत. पंधरा वर्षांत एकही हरीण डोहावर गेलं नव्हतं. म्हणजे पाणी पिऊन परत आलं नाही, असं झालं नव्हतं.

अच्युतराव पोचले तेव्हा अण्णा पडद्याकडे बोट दाखवत बसले होते. पडद्यावर नदीपलीकडच्या कंपनीची सूचना होती. आपला कॉम्प्युटर जुना झाला आहे, या महिनाअखेरीनंतर त्याची जबाबदारी आमच्यावर राहणार नाही.

"महिनाअखेर म्हणजे काय?" अण्णा म्हणाले. "हे काय भाड्याचं घर आहे?"

अच्युतरावांच्या डोक्यावरचा तुरा ताठ झाला. आठ वर्षांनी कुणीतरी आपण होऊन बोलावलं होतं. त्यांनी लिनक्सची महती सुरू केली.

"फुकट आहे का?" अण्णांनी विचारलं.

"मुक्त आहे."

"म्हणजे फुकटच ना?"

"फुकटही आहे. पण मुद्दा तो नाही अण्णा, मुद्दा स्वातंत्र्याचा आहे."

"बरं. प्रिंटर चालेल का?"

अच्युतरावांनी सांगितलं की प्रिंटर चालेल. पत्रं लिहायचं, तक्ते करायचं, फोटो बघायचं सॉफ्टवेअरही याच वाणाचं मिळेल. ते अस्वलाच्या नव्या कॉम्प्युटरवर चालतं, घुबडाच्या जुन्यावर चालतं, तेव्हा अण्णांचा तक्ता कुणालाही कुठेही उघडता येईल. मग ते लिनक्सच्या वेगवेगळ्या जातींकडे वळले. अशा जाती दोन-तीनशे तरी आहेत, आणि त्यांतली कुठली चांगली यावर अच्युतराव उन्हं कलेपर्यंत बोलले. अण्णांना मध्ये दोनदा डुलकी लागली.

"जिच्यासाठी मला नवं काही शिकावं लागणार नाही ती घाला," अण्णा जागे होऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अच्युतरावांनी काम केलं. पक्षी काळजी घेणारा होता. आधी अण्णांचे सगळे तक्ते दोन ठिकाणी उतरवून घेतले, तीनदा मोजले, मग जुनं सगळं पुसून टाकलं आणि लिनक्स घातलं.

आता इथे काहीतरी बिघडणार, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही तसं सांगायला आवडलं असतं. पण बाळांनो, काहीच बिघडलं नाही. म्हातारा कॉम्प्युटर चटकन सुरू झाला. तक्ता उघडला, अक्षरं जिथल्या तिथे. प्रिंटरनं पहिल्या फटक्यात पान काढलं, तेव्हा तर अच्युतरावांना भरून आलं. घुबडाच्या वेळी हेच व्हायला हवं होतं.

"बसा अण्णा," ते म्हणाले. "आता हे तुमचं."

अण्णा बसले. चष्मा पुसला. माउस धरला आणि पडद्यावरच्या रिकाम्या जागेवर उजवं बटण दाबलं. एक यादी उघडली. नवीन फोल्डर, चिकटवा, मागचं चित्र बदला. अण्णांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

"रिफ्रेश कुठे आहे?"

"त्याची इथे गरज नाही."

"गरजेचं नाही विचारलं. कुठे आहे ते विचारलं."

बाळांनो, तुम्ही आत्ता एकमेकांकडे का बघताय ते मला कळतंय. त्या जंगलात सगळ्यांना कॉम्प्युटर बगळे मास्तरांनी शिकवला होता. पहिल्या दिवसाचा पहिला धडा असा, की कॉम्प्युटर सुरू केल्यावर आधी रिकाम्या जागेवर उजवं बटण दाबायचं आणि रिफ्रेश करायचं. पाच वेळा. मग काय ते काम. का, हे मास्तरांनी सांगितलं नाही, आणि मास्तरांना विचारायची पद्धत नव्हती. तेव्हापासून सगळं जंगल रिफ्रेश करी. पडद्यावरची छोटी चित्रं क्षणभर डोळे मिटून उघडत, तेवढंच. अस्वल सात वेळा करी, कारण त्याचं अंग मोठं. रानडुकरीण गुरुवारी अकरा वेळा करी.

"अण्णा, रिफ्रेशनं काही होत नाही," अच्युतराव म्हणाले. "जुन्या कॉम्प्युटरवरही होत नव्हतं."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

पुढचे आठ दिवस तसेच गेले. अण्णा रोज सकाळी बसत, उजवं बटण दाबत, यादी वाचत आणि उठत. अच्युतरावांनी त्यांना परोपरीनं समजावलं. एकदा तर लिनक्सचं आतलं लिखाणच उघडून दाखवलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी झरझर धावू लागल्या.

"बघा अण्णा, सगळं उघडं आहे. कंपनीनं तुम्हाला कधी आत डोकावू दिलं असतं का?"

"मला आत नाही वाचायचं," अण्णा म्हणाले. "मला बाहेर दाबायचंय."

इकडे चैत्र संपत आला. दोन ओढे आटले. दरवर्षी पहिला तक्ता अक्षय्य तृतीयेला लागे, आणि आता चार दिवस उरले होते. शेवटी अच्युतरावांनी फार आग्रह केला. आग्रह करणं हा त्यांचा हातखंडा होता. अण्णा मुकाट्यानं बसले आणि रिफ्रेश न करताच त्यांनी तक्ता केला. अच्युतरावांनी स्वतः उडत जाऊन तो अर्जुनाच्या खोडावर लावला. परत येताना त्यांनी मनातल्या मनात विजयाचं भाषण केलं.

संध्याकाळी भेकरकाकू आल्या. हरणाच्या जातीतल्या, लहानखुऱ्या, भिडस्त बाई. मागे पाय झाडत उभं असलेलं एक पिलू.

"अण्णा, एक विचारायचं होतं. तक्त्यात सकाळी सात ते सव्वासात माझी वेळ आहे."

"हो."

"बिबट्याचीही तीच आहे."

अण्णांनी चष्मा नाकावर वर सरकवला.

"नाही, नवीन काही धोरण असेल तर तसं सांगा," भेकरकाकू म्हणाल्या. "मी याला घेऊन येते ना, म्हणून विचारलं."

अण्णा उठले. पाठीवरचे काटे सगळे आडवे पडले होते. ते स्वतः चालत डोहापर्यंत गेले, तक्ता काढला, घडी करून तोंडात धरला आणि परत आले. "आता माझ्याच्यानं होणार नाही," ते अच्युतरावांना म्हणाले. "दुसरं कुणीतरी बघा." आणि बिळात गेले.

अच्युतराव स्वतः तक्ता करायला बसले. लिनक्स त्यांना तोंडपाठ होतं. पण गवे एकदा पाण्यात शिरले की अर्धा तास निघत नाहीत, मोर पाणी कमी पितो आणि स्वतःला बघतो जास्त, तरसाला नऊची वेळ दिली तर तो पावणेनऊला येऊन रेंगाळतो, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते सगळं अण्णांच्या डोक्यात होतं. तीन वेळा तक्ता केला आणि तीनही वेळा ससे कुणा ना कुणाच्या समोर येत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते अर्जुनावर बसले असताना खालून वाघ आला. रिकाम्या खोडाकडे बघून थांबला.

"वेळापत्रक नाही का यंदा?"

"थोडा उशीर होतोय," अच्युतराव वरच्या फांदीवर सरकून म्हणाले.

"हरकत नाही," वाघ म्हणाला. तो बोलायला फार सभ्य होता. "मग मी आपला सवडीनं येईन. तहान लागेल तसं. सगळेच तसे येतील म्हणा."

तो गेला. अच्युतरावांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. जुना कॉम्प्युटर चालत होता. कंपनी जबाबदारी घेणार नव्हती हे खरं, पण तक्ता तरी होत होता. ती जुनी व्यवस्था त्यांनी पुसली होती, आपल्या हातानं, आणि त्या वेळी त्यांना फार आनंद झाला होता. आता डोहावर कुणाचं काही झालं तर ते कुणाला तोंड दाखवणार होते?

त्यांनी लिनक्स लिहिणाऱ्या देशोदेशीच्या प्राण्यांना पत्र पाठवलं. एक रिफ्रेशचं बटण हवं आहे, तातडीचं आहे. तासाभरात चौदा उत्तरं आली. पाच जणांनी विचारलं की याची गरज काय. चार जणांनी लिहिलं की हा विषय अकरा वर्षांपूर्वी चर्चा होऊन बंद झाला आहे. एकानं अच्युतरावांच्या पत्रातला व्याकरणदोष दाखवला. तिघे आपसात भांडू लागले, त्यांचा अच्युतरावांशी काही संबंध नव्हता. चौदावं उत्तर दूरच्या कुठल्याशा हंसाचं होतं. त्यात एवढंच होतं, की हवं असेल तर करून घ्या, तुम्हाला कोण अडवतंय.

अच्युतरावांनी ते उत्तर तीनदा वाचलं. आठ वर्षं ते हेच लोकांना सांगत आले होते, की हवं ते बदलता येतं. स्वतः त्यांनी आजवर काही बदललं नव्हतं.

पण काहीच न करणारं बटण करायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. ते थोडा वेळ फांदीवर फेऱ्या मारत राहिले. मग भेकरकाकूंचं पिलू त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांनी तत्त्व बाजूला ठेवून टकटक सुरू केली. चार वाजेपर्यंत बटण तयार झालं.

अण्णांना बिळातून बाहेर काढायला अर्धा तास लागला. ते बसले, उजवं बटण दाबलं, यादीत सगळ्यात वर रिफ्रेश होतं. त्यांनी ते दाबलं आणि पडद्याकडे बघत राहिले.

"हे खोटं आहे."

"खोटं कसं? दाबलं जातंय की."

"चित्रांनी डोळे मिटले नाहीत."

अच्युतराव परत गेले. बटण दाबलं की चित्रं क्षणभर नाहीशी व्हावीत आणि परत यावीत, एवढ्यासाठी त्यांनी आणखी चौदा ओळी लिहिल्या. त्या ओळी लिहिताना त्यांना आपल्या हयातीचं फार वाईट वाटलं.

या वेळी चित्रांनी डोळे मिटले. अण्णांनी पाच वेळा रिफ्रेश केलं, सावकाश, एकेक. मग हात पुसले आणि तक्ता उघडला. मध्ये एकदा त्यांनी पाणी मागितलं. दिवेलागणीला तक्ता पुरा झाला. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी भेकरकाकू पिलाला घेऊन आल्या, सावकाश पाणी प्यायल्या आणि गेल्या. त्यानंतर पाऊण तासानं बिबट्या आला, त्याच्या वेळेला, आणि डोहावर दुसरं कुणी नव्हतं. अच्युतराव हे सगळं अर्जुनावरून बघत होते. बिबट्या गेल्यावर त्यांनी डोळे पुसले.

बटणाची बातमी जंगलभर पसरली. आठवड्याभरात अस्वल स्वतः होऊन आलं. पाठोपाठ रानडुकरीण, गवे, मोर, आणि शेवटी तोंड चुकवत घुबड. ज्येष्ठ प्राणी संघातल्या एकूण एक कॉम्प्युटरवर लिनक्स आलं. कुणी मुक्त की फुकट हे विचारलं नाही. "रिफ्रेश आहे ना?" एवढंच विचारत. अस्वलाला तर ते जुन्यापेक्षा जास्त गुणकारी वाटलं.

संघानं अच्युतरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मानपत्रात त्यांचा उल्लेख 'रिफ्रेशचे जनक' असा होता. अच्युतरावांनी उत्तरादाखल सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर पाऊण तास भाषण केलं. सगळ्यांनी ते आदरानं ऐकलं, म्हणजे झोपले, पण उठून गेले नाहीत.

सत्कार झाला तरी अच्युतरावांचं मन त्यांना खात होतं. आपण सबंध जंगलाला फसवलं असं त्यांना वाटू लागलं. शेवटी एके सकाळी ते अण्णांकडे गेले. अण्णा नुकतेच कॉम्प्युटरसमोर बसले होते.

"अण्णा, तुम्हाला खरं सांगायला आलोय. ते बटण काहीच करत नाही. मीच तसं केलंय. नुसती चित्रं लपतात."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले.

"कधीपासून?"

"बगळे मास्तरांच्या वर्गात दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं."

अच्युतरावांचा तुरा खाली बसला. "मग दाबता कशाला?"

अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "अच्युतराव, बेचाळीस जण आहेत तक्त्यात. माझी एक ओळ खाली-वर झाली तर कुणाचं तरी पोर जातं. सकाळी इथे बसलो की माझा हात थरथरतो. पंधरा वर्षं झाली, अजून थरथरतो. पाच वेळा ते दाबेपर्यंत थांबतो. तुम्ही म्हणालात, गरज नाही. कॉम्प्युटरला नव्हती."

अच्युतराव बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या आयुष्यात असं क्वचितच झालं होतं.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सांगणार होतो," अण्णा म्हणाले. "पण तुम्ही स्वातंत्र्यावर बोलत होतात. मध्ये जागाच मिळाली नाही."

तात्पर्य, ज्यांना त्यावाचून करमत नाही त्यांच्यासाठी: म्हाताऱ्यांना नवं यंत्र शिकवण्याच्या भानगडीत पडू नये. नव्या यंत्रालाच म्हातारे शिकवावेत. ते तरुण असतं, लवकर शिकतं. आणि जे बटण काहीच करत नाही असं तुम्हाला ठामपणे ठाऊक आहे, ते काढून टाकण्यापूर्वी बोलणं थोडं थांबवावं. बहुतेक सगळं काम त्याच्यावरच चाललेलं असतं.